पेरूच्या झाडाखालचा पिंजरा

अक्का आणि मी, आम्ही दोघी बहिणी. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिने आयुष्यभर नर्सची नोकरी केली, मी शाळेत मराठी शिकवलं. लग्न दोघींनीही केलं नाही. दोघींची कारणं वेगवेगळी होती, पण म्हातारपणी एका छपराखाली राहायचं हे मात्र फार आधीच ठरलं होतं. श्रीरामपूरपासून चारेक किलोमीटरवर, पाटाच्या कडेला तीन गुंठे जागा मिळाली, तिथे आम्ही घर बांधलं. घर अक्काच्या मनासारखं झालं. पुसायला सोपी फरशी, खिडक्यांना जाड गज, व्हरांड्याला पूर्ण ग्रिल. उरलेली जागा माझी.

सुरुवातीला तिथे बाभळीचे खुंट आणि बांधकामातून उरलेली खडी होती. आज पेरू आहे, लिंबू आहे, शेवगा आहे, कुंपणाच्या भिंतीवर मधुमालती आहे आणि दाराशी लाल जास्वंद. झाडं वाढली तशी पाहुणे मंडळी यायला लागली. जास्वंदीवर शिंजीर उलटा लटकून मध प्यायचा. सातभाई साडेसातच्या सुमारास टोळीने यायचे आणि आमच्या स्टाफरूममध्ये वेळापत्रक लागल्यावर जसा कलकलाट व्हायचा तसा करायचे. भिंतीच्या कडेकडेने मुंगसाची जोडी जायची. लालबुंद डोळ्यांचा भारद्वाज लिंबाच्या जाळीतून बाहेर पडला की मी चहाचा कप खाली ठेवून श्वास रोखून बसायची. पक्ष्यांसाठी मी पेरूखाली एक पसरट मातीची कुंडी ठेवली होती. रोज सकाळी ती घासून भरायची, हे माझं दिवसातलं पहिलं काम. छत्तीस वर्षं घंटेच्या तालावर जगल्यावर ही बाग म्हणजे माझी सुटी होती.

भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा ऊस. त्या वर्षी तो असा माजला होता की आमच्या खिडकीतून भिंतीच्या वर नुसती हिरवी भिंतच दिसायची.

दसरा झाला होता. एका सकाळी मेथीच्या ओल्या वाफ्यात मला पावलं उमटलेली दिसली. मला वाटलं, कुत्रं शिरलं असेल. वाफा तुडवला म्हणून मी चिडले होते. शेजारी पाणी धरायला आला होता, त्याला भिंतीवरून हाक मारली आणि म्हटलं, "तुमच्या कुत्र्याला बांधून ठेवा हो."

तो आत आला आणि पावलांपाशी उकिडवा बसला.

"बाई, ह्यो कुत्रा न्हाई," तो म्हणाला. "कुत्र्याची नखं उमटत्यात. हितं हायेत का नखं? वाघ हाय ह्यो."

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मी हसले, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही. दोन दिवसांनी त्याचं कुत्रं खरोखरच गेलं. नुसता पट्टा सापडला. आणि त्याच आठवड्यात पलीकडच्या वस्तीवर कालवड मारली गेली.

अक्काने त्याच दिवशी नियम केला. ग्रिलचं कुलूप दुपारी चारला लागणार आणि सकाळी नऊला उघडणार. मधल्या वेळात कुणी बाहेर जायचं नाही. 'कुणी' म्हणजे मीच, कारण अक्का तशीही बाहेर जात नसे. किल्ली तिने स्वतःच्या साडीच्या पदराला बांधली.

"अगं, सकाळी सहा ते नऊ हाच तर माझा वेळ आहे," मी म्हणाले.

"तोच त्याचाही वेळ आहे," अक्का म्हणाली.

वनखात्याला फोनही तिनेच केला. एकदा नाही, रोज. वॉर्डात डॉक्टरांना बोलावून आणायची तिची सवय होती, ती इथे कामी आली. आठव्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पिंजरा आला. उसाच्या कडेला तो लावायचा तर बाकी सगळीकडे चिखल होता, ट्रॅक्टर रुतला असता. आमच्या फाटकातून मात्र तो सरळ आत येत होता. अक्का म्हणाली, "आमच्याच आवारात लावा." मला तिने विचारलंही नाही. पेरूच्या झाडाखाली जागा करताना कर्दळीची अख्खी रांग चाकाखाली गेली.

लांबलचक लोखंडी पिंजरा होता. पुढचं दार वर उचलून अडकवलेलं, आत एक फळी. फळीवर पाय पडला की दार खाली. मागच्या बाजूला गजांनी वेगळा केलेला लहान कप्पा, आणि त्या कप्प्यात शेळी. तपकिरी रंगाची, एका कानावर पांढरा ठिपका असलेली, वर्षा-दीड वर्षाची शेळी. बिबट्याला ती दिसावी, तिचा वास यावा, पण पंजा पोचू नये अशी ती सोय. वनरक्षक पन्नाशीचा, मोठ्या मिशांचा, सौम्य माणूस होता. जाताना मला म्हणाला, "बाई, लई गावं हायेत माझ्याकडं. शेळीला पाला-पाणी तेवढं तुमी बघा. पुढच्या दाराकडं मातर जाऊ नका. फळीवर पाय पडला की तुमीच आत."

म्हणजे मला माझ्याच बागेत जायची परवानगी मिळाली ती अशी. पिंजरा आल्यापासून कुलूप दिवसभरच राहू लागलं; सकाळी नऊला आणि दुपारी चारच्या आधी, असं दिवसातून दोनदा ते उघडायचं, पिंजऱ्यापर्यंत आणि परत एवढ्यापुरतं. मी शेवग्याचा पाला आणि उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं घेऊन निघाले की अक्का ग्रिलच्या दारात उभी राहून स्टीलचं ताट पळीने बडवायची. आवाजाने जनावर लांब राहतं, असं तिला कुणी तरी सांगितलं होतं. मी जाईपर्यंत, पाला टाकेपर्यंत, पाणी भरेपर्यंत, परत येईपर्यंत ठणाठणा. त्या ठणाणात एक पक्षी बागेत थांबायचा नाही. मी झाडांकडे बघायला जरा रेंगाळले की ताटाचा वेग वाढायचा.

बाकीचा दिवस खिडकीत. स्वयंपाकघराच्या खिडकीला सात उभे गज होते, ते मी तेव्हा पहिल्यांदा मोजले. त्या गजांमधून बाग पट्ट्या-पट्ट्यांनी दिसायची. एका पट्टीत जास्वंद, एका पट्टीत पिंजऱ्याचं दार, एका पट्टीत शेळीचं डोकं. शिंजीर एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जायचा आणि मध्येच नाहीसा व्हायचा. ऑक्टोबरचं ऊन कडक होतं. झाडांना पाणी कसं द्यायचं? मी ग्रिलच्या नक्षीतून पाइप बाहेर काढायची आणि तोंडाशी अंगठा दाबून फवारा जितका लांब जाईल तितका उडवायची. पायरीजवळची झाडं तगली. वांगी मेली. लिंबाची पानं गळू लागली. पक्ष्यांच्या कुंडीत मात्र पिंजऱ्याकडे जाता-येता मी तांब्याभर पाणी ओतायचीच. ताट कितीही वाजो.

शेळी पहिले चार दिवस ओरडत होती. तिचा आवाज लहान मुलासारखा यायचा. मग ती ओरडायची थांबली. मला बरं वाटलं, पण अक्का म्हणाली, "वॉर्डात ओरडणाऱ्या पेशंटची काळजी नसते. गप्प झालेल्याची असते." तेव्हापासून ती शेळीला 'पेशंट' म्हणू लागली. "पेशंटने पाणी प्यायलं का?" एवढं विचारायची, बाहेर मात्र यायची नाही.

एक दिवस पहाटे पिंजऱ्याचं दार धाडकन पडलं. आम्ही दोघी अंथरुणात उठून बसलो आणि एकमेकींचे हात धरले. उजाडलं तेव्हा खिडकीतून बघतो तर आत एक गावठी कुत्रं. आम्हाला बघून ते शेपूट हलवायला लागलं. वनरक्षकाने येऊन दार उचललं, कुत्रं पळालं, दार पुन्हा अडकवलं गेलं. मला हसू आलं. अक्काला नाही आलं.

दिवस असेच जात होते. माणसं यायची बंद झाली. रविवारी उपासनेला जायचं तर सकाळी नऊच्या आधी निघायला हवं, म्हणून तेही सुटलं. चर्चमधल्या बायकांनी फोनवर विचारलं, तर अक्काने सांगितलं, "आम्ही घरीच प्रार्थना करतो." मी रोज सकाळी सहाला उठायची, कपडे बदलायची आणि ग्रिलच्या आत खुर्ची टाकून नऊ वाजायची वाट बघत बसायची. नोव्हेंबरातल्या एका सकाळी मात्र मला राहवलं नाही. भारद्वाज बाहेर गवतात, माझ्यापासून दहा पावलांवर चालत होता, पण ग्रिलच्या नक्षीमुळे तो मला नीट दिसत नव्हता. मी अक्काला उठवलं आणि किल्ली मागितली. ती म्हणाली, नऊ वाजू देत.

"तू जेलर झाली आहेस," मी म्हणाले. "तो बिबट्या परवडला. तो निदान कधी तरी झोपतो."

अक्काने पांघरूण बाजूला केलं. मग पलंगाच्या कडेवर बसून तिने मला एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत तिने ती कधी सांगितली नव्हती. ती नोकरीत असताना एका वस्तीवरून टेम्पोत घालून एक पाच वर्षांची मुलगी आणली होती. अंगणात खेळत होती. अक्काने तिच्या मानेवर कापूस दाबून धरला होता. "डॉक्टर येईपर्यंत मी हात काढला नाही," ती म्हणाली. "पण उपयोग झाला नाही. तिच्या एका पायात चप्पल होती. तिची आई मला सारखी विचारत होती, दुसरी चप्पल कुठे गेली, सिस्टर? दुसरी चप्पल कुठे गेली?"

मी पुन्हा किल्ली मागितली नाही. पण त्यामुळे कोंडल्यासारखं वाटायचं थांबलं, असं म्हटलं तर खोटं होईल. उलट आता रागवायचीही सोय उरली नाही.

त्यानंतर आठवड्याभराने तो आला. संध्याकाळचे पाच वाजले असतील, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं. अक्का स्वयंपाकघरात लसूण सोलत होती, मी खिडकीशी होते. सातभाई अचानक जोरात कलकलले आणि एकदम गप्प झाले. खारही बोलेना. मी वर बघितलं तर मधुमालतीशेजारी भिंतीवर बिबट्या उभा.

"अक्का," मी म्हणाले. एवढंच.

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बिबट्या भिंतीवरून खाली उतरला, तेव्हा वाळकं पानसुद्धा वाजलं नाही. चित्रात असतो तसा तो सोनेरी नव्हता. धुळीने माखलेला, फासळ्या दिसणारा, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. तो पिंजऱ्यासमोर गेला. उघड्या दाराचा वास घेतला. मग मांजर बसतं तसा दारासमोर बसून आत बघत राहिला. शेळी मागच्या गजांना इतकी चिकटली होती की तिचे केस गजांमधून बाहेर आले होते. तिने आवाज काढला नाही. आम्हीही नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तो उठला, आत न जाता पिंजऱ्याला वळसा घालून कुंडीपाशी आला आणि पाणी प्यायला लागला. लपलप असा तो आवाज आम्हाला आत ऐकू येत होता. खूप तहान लागली असावी. पाणी पिताना त्याचं पोट आमच्या बाजूला होतं.

"बाळंतीण आहे गं ही," अक्का अगदी हळू म्हणाली. "बघ, सड कसे ओढलेत. पिल्लं पितायत."

पाणी पिऊन झाल्यावर तिने मान वर केली आणि सरळ खिडकीकडे पाहिलं. गजांच्या आत आम्ही दोन म्हाताऱ्या. तिने आमच्याकडे पाहिलं त्यात राग नव्हता, भीती नव्हती. तिला आमच्याशी काही देणंघेणंच नव्हतं. मग एका उडीत ती भिंतीवर, आणि पुढच्या क्षणी उसात.

अक्काने चहा ठेवला. साखर घालताना अर्धी साखर ओट्यावर सांडली. मला वाटलं, ती आता फोन करेल. तिने केला नाही. दुसऱ्या दिवशी वनरक्षक आला तेव्हा तिनेच त्याला विचारलं, "आई पकडली गेली तर पिल्लांचं काय?"

"पिल्लं गावली तर आईशी मिळवून देतो आमी," तो म्हणाला. "न गावली तर..." त्याने मिशीवरून हात फिरवला. "पर पिंजरा काढता न्हाई येत, अक्का. वस्तीवर लेकरं हायेत."

हे त्याचं म्हणणं अक्कापेक्षा जास्त कुणाला पटणार? पण त्या रात्री तिने जेवण टाकलं.

आणि त्या दिवसापासून शेळीने खाणं सोडलं. शेवगा नको, वाढं नको, जास्वंदीची पानंही नकोत. कान पाडून ती एका जागी उभी असायची. दोन दिवस मी अक्काला सांगत होते. तिसऱ्या दिवशी भर दुपारी अक्काने पदराची किल्ली सोडली, ग्रिल उघडलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा पायरी उतरली. मी मागोमाग ताट घेऊन धावले, बडवू लागले. "बंद कर ते," ती म्हणाली. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्याची कडी काढून तिने शेळीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पोटावर हात ठेवला, नाडी लागते का बघितली.

"हिला रोग काही नाही," ती म्हणाली. "घे हिला आत."

शेळीला उचलून आम्ही मागच्या पडवीत आणलं. गोणपाट अंथरलं. आता ग्रिलच्या आत आम्ही तिघी. अक्का तिच्याजवळ पाटावर बसून राहिली. गूळ घातलेलं ज्वारीच्या पिठाचं आंबील तिने शेळीला बोटाने चाटवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेळीने तिच्या हातातली भाकरी खाल्ली, आणि मग पडवीत वाळत घातलेला माझा टॉवेलही.

वनरक्षकाने रिकामा कप्पा बघून विचारलं, "शेळी कुठाय?"

"दवाखान्यात," अक्का म्हणाली.

"कुठल्या?"

"माझ्या."

त्याने आत डोकावून बघितलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी कप्प्यात ठेवायला तो दोन कोंबड्या घेऊन आला.

नाताळ आठ दिवसांवर असताना ऊसतोड आली. टोळीने पाटाच्या बाजूने तोडायला सुरुवात केली आणि ऊस रोज थोडा थोडा आमच्या भिंतीकडे मागे सरकत आला. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आरडाओरडा झाला. शेजारी भिंतीवरून ओरडला, "बाई, पिल्लं गावली! दोन हायेत!"

मी गेले. अक्काने मला अडवलं नाही. तोडलेल्या उसात माणसांचं कोंडाळं होतं आणि मध्ये टोमॅटोच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये गोणपाटावर दोन पिल्लं. मांजरीच्या पिल्लांएवढी, निळसर डोळ्यांची, एकमेकांत डोकं खुपसून पडलेली. ऊस तोडणाऱ्या एका बाईने त्यांच्यावर ऊन येऊ नये म्हणून क्रेटवर स्वतःच्या लुगड्याचा पदर धरला होता. ती एकटीच शांत होती. बाकी सगळे मोबाईलवर फोटो काढत होते.

वनखात्याची गाडी आली. त्यांनी सगळ्यांना हटवलं, तोड थांबवली आणि क्रेट होता त्याच जागी ठेवून संध्याकाळी सगळी माणसं लांब नेली. आमच्या बागेतला पिंजराही त्यांनी त्या दिवशी स्वतःच बंद केला. आई येईल, असं ते म्हणाले. अक्काने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि प्रार्थना म्हटली. कुणासाठी म्हटली ते मी विचारलं नाही.

सकाळी क्रेट आडवा पडलेला होता, आणि रिकामा. वनरक्षक हसत फाटकातून आला. "घिऊन गेली, बाई. एक-एक करून. पाटाच्या पलीकडं पावलं गेल्यात."

त्यानंतर चार दिवसांत उरलेला ऊस गेला. भिंतीपलीकडे इतकं मोकळं झालं की स्वयंपाकघरातून थेट डांबरी रस्त्यावरची एसटी दिसायला लागली. मग ट्रॅक्टर आला, पिंजरा न्यायला. पाटापलीकडच्या गावात पावलं दिसली होती, तिथे तो त्याच दिवशी लावायचा होता.

"शेळी राहू दे," अक्का म्हणाली. "मी तिला डिस्चार्ज दिलेला नाही."

वनरक्षकाला आधी हसू आलं. मग त्याने खाली बघितलं. "कागदावर हाय ती, अक्का. माझ्या हातात असतं तर दिली असती."

अक्काने खूप समजावलं. दुसरी आणून देऊ म्हणाली. तो मान हलवत राहिला. शेवटी मीच पडवीचं दार उघडलं. शेळी बाहेर आली, ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढली आणि कुणी न ढकलता पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात जाऊन उभी राहिली. जागा तिच्या ओळखीची होती. ट्रॅक्टर फाटकातून बाहेर पडेपर्यंत अक्का तिथेच उभी होती, मग आत जाऊन तिने पडवी फिनाइलने धुवून काढली.

आता सकाळी मी सहाला बाहेर जाऊ शकते. कुणी अडवत नाही. पण मी गेले तरी पाठ घराच्या भिंतीला लावून बसते. शिंजीर दिसला तरी त्याच्याकडे फार वेळ बघवत नाही, कारण नजर सारखी भिंतीवर जाते. सातभाईंनी सूर बदलला की मी कप तिथेच टाकून आत येते. ते नुसते भांडत असले तरी.

अक्काने वनरक्षकाला शेळीसाठी तीनदा फोन केला. पहिल्या दोनदा त्याने, "बरी हाय, खाती-पिती" असं सांगितलं. तिसऱ्यांदा उचलला नाही. ती बिबटीण पकडली गेली की नाही, तेही आम्हाला कळलं नाही.

तोडलेल्या उसाच्या बुंध्यांमधून शेजाऱ्याचा खोडवा फुटून आता कमरेएवढा झाला आहे. मागच्या आठवड्यात तो खत टाकत होता, तेव्हा मी भिंतीपाशी जाऊन विचारलं, "यंदा दुसरं काही लावायचं नव्हतं का? कपाशी, सोयाबीन?"

"ऊसच बरा पडतो, बाई," तो म्हणाला. "का वो?"

"काही नाही," मी म्हणाले. वारं सुटलं होतं आणि पाती सळसळत होती. त्याने खताची पाटी उचलली आणि तो सरीत पुढे निघून गेला.